शाळेच्या कमानीआधी शाळेचं दप्तर वाचवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली तुमच्या पेपरात सारखी कुठल्या ना कुठल्या मराठी शाळेच्या शतक महोत्सवाची नाहीतर शतकोत्तर सुवर्ण महोत्सवाची बातमी असते, आणि फोटो सगळीकडे तोच, कमान, फेटे बांधलेले पाहुणे, मागे फ्लेक्सवर शाळेचं नाव आणि खाली ‘स्थापना’ म्हणून एक साल. नाक मुरडायला हे लिहीत नाहीये. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते, सगळी नोकरी दापोली तालुक्यातच झाली, त्यामुळे शाळेसाठी गाव एकत्र येतंय, मुंबईकर मंडळी वर्गणी काढतायत म्हटल्यावर मला बरंच वाटतं. पण एक विचारायचंय. ते साल कुठून आणलं? शाळेचं एक नंबरचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या नावनोंदणीचं जुनं बाड, कुणी उघडून बघितलंय का? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "पूर्वीपासून तेच लिहीत आलोय बाई." आणि रजिस्टर कुठाय विचारलं की, असेल कपाटात.

तर हे पत्र त्या कपाटातल्या दप्तराबद्दल आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या, पाहिजे तिथे कात्री लावा.

आमच्या तालुक्यात शाळेचा इतिहास म्हटलं की आधी मोठमोठ्या माणसांची नावं येतात आणि ती खरीच आहेत. महर्षी कर्वे मुरूडचे. रँग्लर परांजपे मुर्डीचे. साने गुरुजी पालगडचे आणि शिकायला दापोलीच्या मिशन शाळेत. भारतरत्न पां. वा. काणे यांचे वडील दापोलीत वकिली करायचे, तेही त्याच मिशन शाळेत शिकले. लोकमान्यांचं मूळ गाव चिखलगाव, तेही दापोली तालुक्यातलंच, आणि त्यांचे वडील गंगाधरपंत हे तर मराठी शाळेतले मास्तर, पुढे शाळा तपासणारे असिस्टंट डेप्युटी झाले, हे फार कमी लोकांना माहीत असतं. बाबासाहेबांचं कुटुंबही सुभेदार रामजी पेन्शनीत निघाल्यावर काही वर्षं दापोली कॅम्पात राहिलं होतं. आता एवढ्या एका तालुक्यात एवढी माणसं म्हटल्यावर भाषणाला कमी पडत नाही, दर कार्यक्रमात हीच यादी म्हणून दाखवतात, टाळ्या पडतात, जेवणं होतात. पण ही यादी म्हणजे माणसांचा इतिहास झाला. शाळा कशी सुरू झाली, कुठे भरायची, मास्तरांना पगार कोण द्यायचं, कोण आत बसायचं नि कोण बाहेर, हे त्यात कुठेच येत नाही.

कर्व्यांचीच गोष्ट घ्या. १८५८चा जन्म, गावच्या मराठी शाळेत शिकले. तेव्हा पब्लिक सर्व्हिस नावाची परीक्षा असायची, ती पास झालं की सरकारी नोकरीची, मास्तरकीची वाट मोकळी, पण वय सतरा पूर्ण पाहिजे. १८७५ साली हा मुलगा सोबत्यांबरोबर मुरूडहून कुंभार्ली घाट चढून चालत साताऱ्याला गेला, शंभर मैलांच्या वर वाट. आणि तिथे कमिटीच्या अध्यक्षांनी वर-खाली बघून सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. संपलं. परीक्षा न देता परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. ही गोष्ट आपण मुलांना जिद्द म्हणून सांगतो, मीही वर्गात तशीच सांगत आले. पण मला तिच्यात अजून एक गोष्ट दिसते, की दीडशे वर्षांपूर्वीसुद्धा सगळं त्या जन्मतारखेवर अडत होतं. आणि बहुतेकांची जन्मतारीख लिहिली जायची ती शाळेतच.

आमच्या पिढीत अर्धा गाव १ जूनला जन्मलेला आहे हे तुमच्या वाचकांना सांगायला नको! आई सांगायची, भातलावणी चालू होती तेव्हा झाला, किंवा थोरल्याच्या लग्नानंतर दुसऱ्या शिमग्याला, आणि गुरुजी हिशोब करून १ जून टाकून मोकळे. त्याच तारखेवर माणसं नोकरीला लागली नि रिटायरही झाली. ही सगळी नोंद त्या एका रजिस्टरात.

आता थोडं मागचं. इंग्रज येण्याआधी शाळा नव्हत्या असं नाही, पंतोजींच्या शाळा होत्या, कुणाच्या ओसरीवर, नाहीतर देवळात, धूळपाटीवर बोटाने गिरवायचं, मोडी लिहायची, पाढे आणि पावकी-निमकी-पाऊणकी-सवायकी-दिडकी घोकायची, आणि पंतोजींना पैसे कमी धान्य जास्त. दसऱ्याला पाटीपूजन, पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, ते तर आम्ही परवापरवापर्यंत करत होतो. १८१८ला पेशवाई गेली, १८२०च्या दशकात एलफिन्स्टनच्या वेळी मुंबईत शाळा आणि पुस्तकांसाठी सोसायटी निघाली, मास्तर शिकवून तयार करून जिल्ह्यांत पाठवायला लागले. १८४०ला बोर्ड ऑफ एज्युकेशन, १८५५ला सरकारचं स्वतंत्र शिक्षण खातं. हे पुस्तकात सगळ्यांना मिळतं. जे मिळत नाही ते म्हणजे गावात शाळा उघडायला पैसा कुठून आला, आणि तो आला शेतकऱ्याच्या खिशातून. १८६०च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा कर बसवला, लोकल फंड म्हणायचे त्याला, त्यातला तिसरा हिस्सा शाळांना आणि बाकीचा रस्ते वगैरेंना. म्हणजे गावच्या पहिल्या सरकारी शाळेची कौलं, बाकं, मास्तरांचा पगार यातला मोठा वाटा कुळवाड्याने भरलेल्या साऱ्यातला. आणि गंमत, गंमत कसली, शाळेत पोरगं कुणाचं, तर बहुतेक भटजी, कुळकर्णी, सावकार यांचं. महात्मा फुल्यांनी १८८२ साली सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिलं त्यात नेमकं हेच मांडलंय, की पैसा रयतेचा आणि शिक्षण वरच्या वर्गाचं.

आता ओसरीची गोष्ट. ही मला मुद्दाम लिहायचीय, कारण हिच्यावर कार्यक्रमात कुणीच बोलत नाही.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला घेईनात म्हणून त्याने अर्ज केला, मुंबई सरकारने हात वर केले, पण त्यावरून वर लंडनपर्यंत चर्चा झाली आणि १८५८मध्ये धोरण ठरलं की सरकारी पैशावरच्या शाळा सगळ्या जातींना खुल्या. कागदावर झालं. दापोली हा मुळात लष्करी कॅम्प, फौजेत नोकरी करून पेन्शनीत निघालेले महार जवान, हवालदार, सुभेदार इथे घरं करून राहिलेले, लिहिता-वाचता येणारे, पलटणीच्या शाळेत शिकलेले लोक. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच, ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे. या पेन्शनरांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या मुलांना म्युनिसिपालिटीच्या शाळेत घ्या म्हणून अर्ज केले, वरपर्यंत पाठपुरावा केला. आणि शाळेने काय केलं, तर मुलांना ओसरीवर बसवलं. आत वर्ग चाललाय, ही पोरं बाहेर, फळा दिसला तर दिसला, आणि पाटी तपासायची तर लांबून. ज्यांनी राणीच्या पलटणीत बंदूक धरली त्यांची मुलं. यावर इतिहासाच्या अभ्यासकांनी लिहिलंय, बाहेरच्या विद्यापीठातल्या लोकांनीसुद्धा, पण दापोलीत राहणाऱ्या किती जणांना माहितीय? मी डीएडला असताना मला कुणी सांगितलं नाही, नोकरीत असताना कधी एका ट्रेनिंगमध्ये हा विषय निघाला नाही, रिटायर झाल्यावर वाचनालयात बसून कळलं.

आणि कुणी म्हणेल जुनं उकरून काय मिळणार. मिळतं ना. मुलं विचारतात, बाई, मग पुढे काय झालं? मग सांगता येतं की १९२३ साली ऑगस्टमध्ये मुंबई कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या. सांगता येतं की त्याच साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, तेव्हा शिक्षणमंत्री होते आपल्याच मुर्डीचे परांजपे, आणि त्या कायद्याने प्राथमिक शाळा सरकारी खात्याकडून लोकल बोर्डांकडे आल्या. एकाच तालुक्याच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मुलांना इतिहास कळतो, नुसती भारतरत्नांची यादी पाठ करून नाही कळत. कर्व्यांचंसुद्धा तेच, १८९३ला त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा याच मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला होता, आज त्याच नावाचे पुतळे आणि कमानी. आणि तरी १९३६ साली, वय अठ्ठ्याहत्तर, या माणसाने महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं, जिथे शाळाच नाही अशा गावांत शाळा काढायला, स्वतः झोळी घेऊन. स्त्रीशिक्षणाचे कर्वे सगळ्यांना माहीत, हे प्राथमिक शाळेचे कर्वे राहूनच जातात, आम्हा प्राथमिकवाल्यांचं नशीबच तसं म्हणायचं.

असो, रजिस्टरावर येते.

साताऱ्याच्या हायस्कूलचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे आपले बाबासाहेब, या नावाची नोंद झाली, रजिस्टरला नंबर १९१४. ते पान जपलं गेलं म्हणून आज ७ नोव्हेंबर राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एका ओळीवर एवढं सगळं उभं आहे. ती ओळ जर कुणी वाळवीला दिली असती तर? आणि त्या पानावर वर-खाली जी बाकीची नावं आहेत तीही कुणाची तरी पोरंच होती ना.

जनरल रजिस्टर म्हणजे काय हे शाळेबाहेरच्या लोकांना नीट माहीत नसतं म्हणून सांगते. लांबट, जाड पुठ्ठ्याचं बाड असतं. अनुक्रमांक, मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटचा रकाना, शाळा सोडल्याचं कारण. दाखला याच्यावरूनच निघतो. नियमाने हे कायमचं दप्तर, कधीच नष्ट करायचं नाही. नोकरीत असताना मी एका शाळेत चार्ज घेतला तेव्हा कपाटाच्या तळाला जुनं बाड सापडलं, कापडात बांधलेलं, सुरुवातीची पानं मोडीत, पुढची बाळबोध, म्हणजे देवनागरी. टाकाने लिहिलेलं, शाई तपकिरी पडलेली पण अक्षर असं की आपण लाजावं. मोडी मला येत नाही, पण बाळबोध पानं सुट्टीनंतर बसून वाचायचे, दुसऱ्या दिवशीचं टाचण तसंच राहायचं.

वाचायचा तो शेवटचा रकाना. "मुंबईस गेला." "मुंबईस गेला." पानंच्या पानं. आमचं कोकण मुंबईला कधी गेलं हे शोधायला तुम्हाला वेगळं पुस्तक नको, तिसरी-चौथीतली दहा-बारा वर्षांची पोरं हर्णै, दाभोळ बंदरातून बोटीत बसून गेलेली, कुणी गिरणीत, कुणी घरगडी म्हणून. "गुरे राखणेस." "गैरहजर सबब नाव कमी." मुलींची नावं आधी थोडी, आणि असली की कारण बहुतेक एकच, "लग्न झाले", आणि वय बघावं तर दहा, अकरा. १९१८च्या पानांवर पावसाळ्यानंतर "मयत" हा शब्द एकाखाली एक, एवढ्या वेळा की मी पान उलटून परत बघितलं. तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ होती, मुंबई इलाख्यात अतोनात माणसं गेली, हे आपण कोविडच्या वेळी पेपरातूनच वाचलं. पण आपल्या गावातलं कोणतं पोर गेलं, ते कुठल्या आळीतलं, हे फक्त त्या पानावर होतं.

होतं म्हणते, कारण आता ते बाड नाहीये. मी बदलून गेले, मधे दोनदा चार्ज बदलला, ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या किनारपट्टीवर घरांबरोबर शाळांचीही छपरं उडाली, कौलं नि पत्रे कुठल्या कुठे. कपाट भिजलं. नंतर ओलं दप्तर उन्हात टाकलं, चिकटलेली पानं ओढून सोडवली, जी सुटली नाहीत ती गेली. दोष कुणाला द्यायचा, त्या दिवसांत लोकांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, कुणाला रजिस्टर आठवणार. म्हणून मी शाळेचं नाव लिहीत नाही, आणि ते महत्त्वाचंही नाही, अशा कितीतरी आहेत. जे वादळात वाचलं ते कसर खाते, पावसाळाभर कपाटात बुरशी. आणि जे कसरीतून वाचलं त्याला आम्हीच मारतो, फाटलं की सेलोटेप लावायची, दोन-चार वर्षांत ती पिवळी पडून खालचं अक्षर घेऊनच निघते. काही हौशी मुख्याध्यापकांनी जुनी पानं लॅमिनेट केलीत! प्रेमापोटी केलं, मला माहीत आहे, पण गरम करून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

अजून एक कारण आहे. या शाळा कितीदा मालक बदलत आल्या बघा, आधी सरकारी खातं, मग १९२३नंतर लोकल बोर्ड, मग स्कूल बोर्ड, आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषद. दरवेळी दप्तर इकडून तिकडे, दरवेळी यादीत "जुनी रजिस्टरे नग अमुक" एवढीच नोंद, कुठल्या सालाची ते नाही. शेरेबुकं तर गेलीच. शेरेबुक म्हणजे तपासायला आलेले डेप्युटी जे शेरे लिहून जायचे ती वही, त्यात शाळा देवळात भरते, पावसात गळते, पट इतका, हजर इतके, दुसऱ्या इयत्तेचं गणित कच्चं असलं सगळं असायचं. शाळेचा खरा इतिहास तो. पण त्याचा दाखल्याला उपयोग नाही, म्हणून पहिली रद्दीत गेली ती शेरेबुकं.

मधल्या काळात मात्र जुन्या रजिस्टरांना एकदम भाव आला. २०२३ला न्या. शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा तालुक्या-तालुक्यात कपाटं उघडली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणलं. त्याआधीपासूनही जात पडताळणीला लोक यायचेच, अनुसूचित जातीला १९५०च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना १९६१च्या आधीचा, ओबीसींना १९६७च्या आधीचा, आणि तो मिळणार कुठे तर आजोबांच्या शाळेत. माझ्या पुतण्याच्या वेळी मी स्वतः फिरलेय. ज्याचं पान वाचलं त्याच्या पोराला ॲडमिशन, ज्याचं पान कसरीने खाल्लं तो ऑफिसांच्या पायऱ्या झिजवतोय. म्हणजे हा काही म्हाताऱ्या बाईचा जुन्या वासाचा छंद नाही, रोजच्या गरजेची वस्तू आहे. पण त्या शोधात एक वाईटही झालं, पानांचे फोटो सरळ व्हॉट्सॲपवर फिरले, कुणाची जात काय लिहिलीय, कुणाच्या बापाचं नाव काय नाही, यावरून गावात कुजबुज. हे व्हायला नको होतं. जतन करायचं म्हणजे जगजाहीर करायचं असं नाही.

मग करायचं काय, ते सांगते, आणि फार खर्चाचं नाही. महोत्सव करणाऱ्या प्रत्येक समितीने कमानीच्या आधी शाळेतलं सर्वात जुनं रजिस्टर स्कॅन करून घ्यावं. चांगला स्कॅनर तालुक्याला एक असला तरी पुरे, आणि तोही नाही मिळाला तर मोबाईलवर, दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून, एक माणूस पान उलटायला नि एक फोटो काढायला, एका शाळेचं काम दोन रविवारांत होतं. मूळ बाड परत बांधून ठेवायचं, सुती कापडात, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि कपाट भिंतीपासून सुटं, जमिनीपासून वर. स्कॅनची एक प्रत शाळेत, एक गटशिक्षणाधिकारी कार्यालयात. शंभर वर्षांच्या पुढची जी पानं आहेत त्यांची प्रत राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे दिली तर उत्तम, त्यांचं कामच ते आहे. मोडी पानांसाठी मोडीचे वर्ग केलेली तरुण मुलं-मुली आता बरीच आहेत, सर्टिफिकेट घेऊन बसलीत, त्यांना मानधन द्या, एका ऑर्केस्ट्राच्या पैशात तालुक्याचं लिप्यंतर होईल. यावर रागवू नका, ऑर्केस्ट्रा मलाही आवडतो.

आणि घाई का करतेय तेही लिहिते. पट कमी म्हणून वाड्या-वाड्यांच्या शाळा बंद नाहीतर जवळच्या शाळेत विलीन व्हायच्या वाटेवर आहेत, आमच्या भागात पाच-सात मुलांवर चाललेल्या शाळा आहेत. त्या राहाव्यात की नाही यावर तुमच्याकडे रोज पत्रं येतात, माझं मत राहाव्यात असंच आहे, पण ते वेगळं. शाळा बंद झाली की किल्ली कुणाकडे तरी जाते, पोषण आहाराची भांडी मोजून नेतात, टीव्ही, कॉम्प्युटर नेतात, कारण त्यांना डेडस्टॉक नंबर, म्हणजे सामानाच्या यादीतला नंबर असतो. जुनं बाड कुणी मोजत नाही. ज्या शाळेत शिक्षकच एक, त्याच्या डोक्यावर ऑनलाईन माहितीची शंभर कामं, तो बिचारा कुठे बघणार. म्हणून शाळा बंद करायच्या आदेशातच एक ओळ टाकावी, की अमुक सालापासूनची जनरल रजिस्टरं आणि शेरेबुकं मोजून, पानं मोजून, स्कॅन करून ताब्यात घेतली, सही. शिक्षण खात्यात हे पत्र कुणी वाचत असेल तर एवढं करावं.

शिक्षकांनाही एक सांगते, आपल्यातलीच म्हणून. स्थानिक इतिहास म्हणून चौथीच्या मुलांना किल्ल्याची सहल करवता, सुवर्णदुर्ग दाखवता, छानच आहे. पण एक दिवस शाळेचं जुनं रजिस्टर दाखवा. जातीचा रकाना झाकून दाखवा हवं तर, गावात तेवढं शहाणपण नसेल तर. शंभर वर्षांपूर्वी या गावात कोणती नावं ठेवायचे एवढंच बघायला मुलं वेडी होतात, मी करून बघितलंय. धोंडू, सोनू, राघो, भागी, ठकी. एका मुलाला त्याच्या पणजोबांचं नाव सापडलं, नंबरासकट, आणि सोडल्याचं कारण "मुंबईस गेला". त्याचे वडीलही मुंबईलाच होते. तो पुढे अख्खा आठवडा घरच्यांना प्रश्न विचारत होता आणि त्याची आजी शाळेत येऊन मला म्हणाली, बाई, याला काय शिकवलंत, झोपू देत नाही.

ज्या शाळांकडे १९०० सालाच्या आधीची रजिस्टरं शिल्लक आहेत अशा आपल्या वाचकांनी, मुख्याध्यापकांनी तुमच्या पेपराला निदान तेवढं कळवावं, शाळेचं नाव आणि साल, बाकी काही नको. तुम्ही जिल्हावार यादी छापलीत तर कुठे काय वाचलंय हे तरी समजेल, आणि यादीत आपली शाळा नाही म्हटल्यावर चार गावं आपापली कपाटं उघडतील. कोकणातली मंडळी गणपतीत गावी येतातच, तेव्हा शाळेला सुट्टी असते, पण किल्ली मुख्याध्यापकांकडे नाहीतर व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असते. आरती आटोपली की जाऊन मागा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी